शब्दचर्चा: स्कर्मिऑनला मराठीत काय म्हणावं? (आणि ‘घडीव प्रकाश’ चालेल का?)

चष्मिस_चिवडा:
मंडळी, मदत हवीय. ऑप्टिक्सच्या लॅबमधलं माझं काम घरच्यांना आणि गावातल्या शाळेच्या पोरांना मराठीत सांगायचंय, अर्ध्या तासाचं भाषण आहे. विषय म्हणजे लेसरच्या झोतात स्कर्मिऑन, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाच्या दिशांची एक न सुटणारी गाठ, तयार करणं, आधी कॉम्प्युटरवर सिम्युलेट करून मग लॅबच्या टेबलावर. स्लाईड करायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडकलो. स्ट्रक्चर्ड लाईटला संरचित प्रकाश लिहिलं तर आई म्हणाली हे टेंडरच्या नोटिशीसारखं वाटतंय. आणि स्कर्मिऑनला तर काही सुचतच नाहीये. भोवरा चालेल का?

जुना_मिस्त्री:
स्ट्रक्चर्ड लाईटला घडीव प्रकाश म्हणा की. घडीव दगड म्हणतो ना आपण, छिन्नीने हवा तसा केलेला. साधा लेसर म्हणजे अनघड, तुम्ही त्याची तीव्रता, फेज (लाट कुठल्या टप्प्यावर आहे ते) आणि ध्रुवण (लाट कुठल्या दिशेने कंप पावते ते) जागोजागी वेगवेगळं करता म्हणजे घडवताच. बाकी तुमचं ते भोवऱ्याचं मला कळत नाही, फिजिक्स बारावीत सोडलं.

लेसरमावशी:
घडीव प्रकाश झकास! मी आजपासून वापरणार.

पण भोवरा नको हो, तो शब्द आधीच बुक आहे. ऑप्टिकल व्हॉर्टेक्सला लोक भोवरा म्हणतात आणि ते बरोबरही आहे, कारण त्याच्या मध्यभागी फेज ठरतच नाही म्हणून तिथे अंधार असतो, नदीच्या भोवऱ्यात मध्ये खड्डा असतो तसा. डोक्यावरच्या केसांच्या भोवऱ्याचंही तेच, मधल्या टिंबाजवळ केस कुठल्या बाजूला वळलाय सांगता येत नाही. स्कर्मिऑनची सगळी गंमत मात्र ही की त्यात असा खड्डा नसतोच. झोतातल्या प्रत्येक ठिकाणचं ध्रुवण एकेका बाणाने दाखवलं तर मधला बाण सरळ वर, बाहेर जाता जाता हळूहळू कलत कडेचा बाण सरळ खाली, आणि मध्ये कुठेही न तुटता सगळ्या दिशा येऊन जातात. भोवरा म्हटलं की ऐकणारा पहिल्याच मिनिटाला चुकीचं चित्र डोक्यात घेऊन बसणार.

कोशातला_किडा:
आधी उच्चार. हा शब्द ‘स्काय’ म्हणजे आकाशावरून आलेला नाही, कॉलेजातली पोरं स्कायर्मिऑन म्हणतात ते चूक. टोनी स्कर्म या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या आडनावावरून आलाय. त्यांनी १९६१-६२ च्या सुमारास प्रोटॉन-न्यूट्रॉनसारखे कण म्हणजे एका फील्डमधल्या न सुटणाऱ्या गाठी असतील अशी कल्पना मांडली. लेसरशी त्याचा काही संबंध नव्हता. मग २००९ मध्ये मँगनीज सिलिसाईड या चुंबकीय पदार्थात तशा गाठी दिसल्या आणि २०१८ मध्ये इस्राएलच्या टेक्निऑनच्या गटाने प्रकाशात दाखवल्या. म्हणजे शब्द अणुगर्भातून चुंबकात आणि चुंबकातून प्रकाशात असा फिरत आलाय, कुठेच कोणी तो बदलला नाही, मग आपण तरी का बदलावा? स्कर्मिऑन असाच ठेवा.

एक अवांतर. या स्कर्मचे पणजोबा एडवर्ड रॉबर्ट्स भरती-ओहोटीचा अंदाज काढणारी यंत्रं आखायचे, त्यातलं एक १८७९ चं यंत्र खास हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी होतं. पुढे कधी कोणी लाटांच्या गणिताचा विषय काढला तर हे सांगायला बरं.

चष्मिस_चिवडा:
नाव तसंच ठेवतो, पटलं. पण मग समजवायचं कसं? बाण म्हणजे ध्रुवणाची अवस्था हे आठवीतल्या पोराला सांगायचंय.

लेसरमावशी:
कदंबाचं फूल दाखवा! गोल चेंडू आणि सगळीकडून बाहेर आलेले केसर. तो चेंडू खालून चिरून जमिनीवर सपाट पसरला, म्हणजे माथ्याचा बिंदू मध्यभागी आणि चिरलेला भाग कडेला सगळीकडे, की झाला स्कर्मिऑन. (केसर मात्र चेंडूवर होते तेव्हा जिकडे बघत होते तिकडेच बघत राहायला हवेत.) हाच गोल आमच्याकडे पॉइन्कारे गोल, म्हणजे ध्रुवणाच्या सगळ्या अवस्थांचा नकाशा, त्याच्या वरच्या टोकाला उजवं वर्तुळी ध्रुवण, खालच्या टोकाला डावं, विषुववृत्तावर सगळी रेषीय. बंगलोरला भौतिकशास्त्रज्ञ पंचरत्नम यांनी १९५६ मध्ये फेजचं जे काम केलं ते याच गोलावर, हे सांगायला विसरू नका. आणि हे बाण खऱ्या जागेतले नाहीत, त्या गोलावरचे आहेत, हेही सांगा, इथे एम.एस्सी.वालेसुद्धा घसरतात.

नुसताच_वाचक:
मग तो स्कर्मिऑन नंबर का काय असतो ना, त्याला काय म्हणणार? टोपोलॉजिकल चार्ज म्हणजे संस्थितिक प्रभार?? हे वाचून मला विजेचा झटका बसेल असं वाटलं.

जुना_मिस्त्री:
वरचं वाचून मला असं समजलं की गोल पूर्ण किती वेळा झाकला जातो ते मोजायचंय. मग वेढा म्हणा. वडाला सूत गुंडाळतात तेव्हा वेढे मोजतात की नाही.

लेसरमावशी:
मिस्त्रीकाका, बारावीत उगाच सोडलंत. वेढा! एक वेढा, दोन वेढे, आणि अँटीस्कर्मिऑनचा उलट वेढा, म्हणजे उणे एक. सूत रेषेसारखं फिरतं आणि इथे अख्खा पृष्ठभाग झाकायचाय एवढा फरक आहे पण शाळेत तेवढं माफ. कंट्रोलसुद्धा, म्हणजे हवा तो वेढा कसा मिळवायचा तेही, याच भाषेत सांगता येतं. उजव्या वर्तुळी ध्रुवणात साधा गाऊसियन झोत (मध्ये उजळ, कडेला विरत जाणारा), डाव्यात एक पीळ असलेला, म्हणजे भोवऱ्याचा झोत, दोन्ही एकावर एक टाकले की एक वेढा. पीळ दोन केले की दोन वेढे, पीळ उलटा केला की उलट वेढा. दोन झोतांमधला फेज बदलला तर वेढा तोच राहतो, फक्त बाण वळतात, बाहेर बघणारे बाण गोल फेर धरल्यासारखे होतात. हे तर झोत पुढे जाताना आपोआपही होतं, झोताच्या कमरेपाशी, म्हणजे सगळ्यात बारीक जागी, बाण बाहेर बघत असले तर लांब जाईपर्यंत फेर धरलेला दिसतो, कारण पुढे जाताना दोन्ही झोतांचा फेज वेगवेगळा सरकतो (याला गुई फेज म्हणतात). रूप बदलतं, वेढा नाही.

चष्मिस_चिवडा:
हे फारच भारी, स्लाईडच तयार झाली. पण आता माझं दुखणं सांगतो. पायथनमध्ये ५१२ बाय ५१२ च्या ग्रिडवर केलं, झोताच्या त्रिज्येच्या तिप्पट अंतरापर्यंत, आणि वेढा आला ०.९५. कोडमध्ये चूक आहे म्हणून दोन दिवस घालवले. भाषणात पोरांना ‘वेढा नेहमी पूर्ण असतो’ सांगायचं आणि स्क्रीनवर ०.९५ दाखवायचं?

लेसरमावशी:
कोड बरोबर आहे हो. कागदावरच काढून बघा, या झोतासाठी तिप्पट अंतरापर्यंतचा वेढा १८ भागिले १९, म्हणजे ०.९४७. पाचपट गेलात तर ५० भागिले ५१. कडेचा बाण पूर्ण खाली पोचायला अनंत अंतर लागतं, ग्रिड बारीक करून काही होत नाही, खिडकी मोठी करावी लागते. कॉम्प्युटरवर ते जमेल, टेबलावर बोंब. तिप्पट अंतरावर मध्यापेक्षा प्रकाश कोटीत तीन भाग एवढाच उरतो, आठ बिटच्या कॅमेऱ्याला तर दुपटीवरच काही दिसत नाही, तिथे ०.३ टक्के उजेड आणि कॅमेऱ्याची एक पायरी ०.४ टक्क्याची. म्हणजे स्वच्छ मोजलंत तरी ८ भागिले ९, ०.८९ च्या आसपास. त्याच्या बाहेरचे बाण म्हणजे निव्वळ नॉईज, ते धरले तर नंबर कुठेही भरकटतो.

नुसताच_वाचक:
म्हणजे स्कर्मिऑन टोपोलॉजिकली प्रोटेक्टेड असतो, वेढा सहजी मोडत नाही वगैरे सगळं मार्केटिंग?

लेसरमावशी:
तसं नाही, पण ‘संरक्षित’ हा शब्द मलाही खटकतो, झेड सिक्युरिटी असल्यासारखा वाटतो. ध्रुवण सगळीकडे सारखंच वळवलं तर वेढा टिकतो. पण पोलरायझर (एकाच प्रकारचं ध्रुवण पलीकडे जाऊ देणारी काच) लावला की सगळे बाण एका दिशेला, वेढा शून्य. मी चिवट म्हणते, चिवट वस्तू शेवटी तुटतेही.

चष्मिस_चिवडा:
चिवट घेतला. मग ०.८९ ला पोरांसमोर काय म्हणू?

जुना_मिस्त्री:
एक वेढा, कडेला उसवलेला.