'द जनरल'ला साथ हवी, पण विनोद आधी फोडणारी नको

मूकपटवेडा:
परवा बस्टर कीटनचा विनोदी मूकपट 'द जनरल' (१९२६) पियानोच्या प्रत्यक्ष साथीवर पाहिला. वादकाचा हात तयारीचा होता, तरी एक गोष्ट खटकली ती खटकलीच. नायक जॉनीला (म्हणजे कीटनला) सैन्यात घेत नाहीत, कारण इंजिन ड्रायव्हर म्हणून तो जास्त उपयोगाचा. हे त्याला कुणी सांगत नाही आणि त्याची प्रेयसी ॲनाबेल त्याला भेकड समजून तोंड फिरवते. खचलेला जॉनी इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसून राहतो. इंजिन हलतं. दांडा त्याला घेऊन वर जातो, खाली येतो, पुन्हा वर. शेडच्या तोंडाशी येईपर्यंत त्याला पत्ताच नसतो. नेमकं इथेच पियानोवर दांड्याबरोबर सूर चढायला-उतरायला लागले. जॉनीच्या आधी पियानोला कळलं आणि प्रसंगातली गंमत गेली. तिथे त्याचं दुःखच वाजत राहायला हवं होतं. गायकाच्या आधी समेवर येणारा तबलजी आपण खपवून घेतो का?

निःशब्द:
मग साथ हवीच कशाला? पॅरिसच्या सिनेमाथेक या चित्रपट-संग्रहालयात त्याचे संस्थापक आंरी लांग्लुआ मूकपट पूर्ण शांततेत दाखवायचे. कीटनचा चेहरा हलत नाही, विनोद सगळा अंतराचा आणि वेळेचा. वादक कितीही चांगला असला तरी 'आता हसा, आता हळवे व्हा' असं सांगतोच. मला ते नको.

पेटीवाला:
@निःशब्द, साफ असहमत. ही शांतता नंतरच्या अभ्यासकांची. त्या काळचा प्रेक्षक असा बसतच नव्हता. अमेरिकेत लहान थिएटरात पियानो, मोठ्या थिएटरात ऑर्गन नाहीतर अख्खा वाद्यवृंद असे. कोणत्या प्रसंगाला काय वाजवायचं, याच्या याद्या वितरक चित्रपटाबरोबर पाठवत. आपल्याकडेही मूकपटांना पेटी-तबल्याची साथ असायचीच. शिवाय विनोदी चित्रपटात वादकाला पडद्याबरोबर प्रेक्षकांकडेही कान ठेवावा लागतो. हशा लांबला की तो सूर धरून ठेवतो, हशा ओसरला की पुढे जातो. पूर्ण शांततेत लोक मोठ्याने हसायलाही बिचकतात.
@मूकपटवेडा, तुमचंही पटलं नाही. दांड्याची लय ही चित्रपटाचीच लय आहे. ती वादकाने उचलली तर बिघडलं काय?

मूकपटवेडा:
लय उचलावी की, पण जॉनीला कळल्यावर! शेडमध्ये शिरताना तो दचकतो, तिथून खुशाल वाजवा. हा प्रसंग कीटनने स्वतः त्या दांड्यावर बसून केलाय. चाकं जागेवरच गरकन फिरली असती तर तो फेकला गेला असता. इतकी जोखीम घेऊन त्याने चेहरा निर्विकार ठेवला, मग साथ करणाऱ्याने तेवढा संयम ठेवायला काय हरकत आहे?

स्वरलिपी:
म्हणूनच उत्स्फूर्त वादनापेक्षा लिहिलेलं संगीत बरं. कार्ल डेव्हिस यांनी १९८७ मध्ये 'द जनरल'साठी वाद्यवृंदाचं संगीत रचलं. तिथे कुठे थांबायचं हे आधी विचार करून ठरलेलं असतं. आणि निःशब्द, चॅप्लिनच्या 'सिटी लाइट्स'चं (१९३१) काय करणार? संगीत त्याचं स्वतःचं. मेजवानीत तो शिट्टी गिळतो आणि उचकीसरशी ती वाजते, गाणाऱ्याचं गाणं अडतं, बाहेर टॅक्सी येते, कुत्री गोळा होतात. आवाज काढून टाका, काय उरलं?

निःशब्द:
'सिटी लाइट्स' मान्य, तिथे आवाज पटकथेतच आहे. 'द जनरल'मध्ये नाही. माझं मत कायम.

पेटीवाला:
@स्वरलिपी, छापील संगीत हशासाठी थांबत नाही. चित्रपट पुढे पळतो, वाद्यवृंदाच्या निर्देशकाला त्याच्याबरोबर पळावंच लागतं. रोजचा प्रेक्षक वेगळा, तर साथही रोज वेगळी हवी.

मूकपटवेडा:
पेटीवाले, यावर आपलं एकमत. पण जळत्या पुलाचा प्रसंग आठवा. ऑरेगनमध्ये कॉटेज ग्रोव्हजवळ खरं इंजिन खऱ्या नदीत पाडलं होतं. शत्रूचा अधिकारी गाडी पुढे न्यायचा हुकूम देतो, गाडी पुलावर येते, पूल कोसळतो आणि मग त्या अधिकाऱ्याचा चेहरा दिसतो. परवा पूल पडताना दोन्ही हातांनी धडाधड वाजवलं, त्यामुळे त्या चेहऱ्यावर कुणी हसलंच नाही. तुम्ही तिथे काय वाजवाल?

पेटीवाला:
पडताना खर्जातला एकच सूर, दाबून धरलेला. चेहरा दिसला की तोही सोडून देईन.