शब्द विरले तर गाणे उरते का? ग्राइम्सच्या ‘व्हिजन्स’विषयी

गोदाकाठ (नांदेड): कॅनडाची गायिका ग्राइम्स हिचा ‘व्हिजन्स’ हा २०१२ सालचा अल्बम मी महिनाभर ऐकतो आहे. मॉन्ट्रियलमधील राहत्या घरात सुमारे तीन आठवडे कोंडून घेऊन, गॅरेजबँडसारख्या साध्या सॉफ्टवेअरवर तिने तो एकटीने मुद्रित केला. त्यातील ‘ऑब्लिव्हियन’ हेडफोन लावून ऐकावे: खाली सिंथेसायझरचा खर्जातला तुकडा रहाटासारखा फिरत राहतो आणि वर तिच्याच आवाजाचे थर एकमेकांवर असे चढतात, की शब्द विरून केवळ गळा उरतो. हा धूसरपणा उणीव नसून रचना आहे, असे माझे ठाम मत आहे.

बालाघाट (अंबाजोगाई): मला हे पटत नाही. १९७९ साली टॅस्कॅमचे चार ट्रॅकचे कॅसेटयंत्र आले, तेव्हा घरी मुद्रण करणाऱ्यांना फितीची खरखर टाळता येत नव्हती. संगणकावर ती सक्ती उरलेली नाही. शिवाय हे गाणे आपल्यावर झालेल्या लैंगिक अत्याचारातून आले, असे तिनेच मुलाखतीत सांगितले आहे. एवढे गंभीर सांगणे ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचत नसेल, तर त्या थरांचे कौतुक कशासाठी करायचे? नाथांचे भारूड गाताना शब्द गिळून चालत नाही, कारण त्यातले रूपक शब्दांतूनच उलगडते.

गोदाकाठ: असे दुःख बोलताना माणसाचा आवाज स्वच्छ राहतोच असे नाही, म्हणून आपलाच मुद्दा मला माझ्या बाजूचा वाटतो. मात्र सगळेच शब्द विरतात, हे माझे विधान मी मागे घेतो. उत्तरार्धात अंधाऱ्या रात्रीची एकच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि ती स्पष्ट कळते. कीर्तनात टाळ-पखवाज टिपेला पोहोचला, की चरणांतले शब्द हरवतात, पण ध्रुवपद अगदी मागे बसलेल्या आजीलाही कळते. तसेच हे आहे.

रानवारा (परभणी): आपण दोघेही धूसरपणावर अडला आहात, मला या गाण्यात त्या आवाजाचा हसरेपणा अधिक महत्त्वाचा वाटतो. शिकवणी आटोपून रात्री घरी परतताना, गल्लीत मागून पावले ऐकू आली, की मी फोन कानाला लावते आणि पलीकडे कोणीही नसताना मोठ्याने, आनंदाने बोलू लागते. हे गाणे पहिल्यांदा ऐकले तेव्हा शब्द कळण्याआधीच मला तो आवाज ओळखीचा वाटला.

बालाघाट: ताई, आपला अनुभव वाचून मी गाणे पुन्हा लावले आणि ज्याला मी गोडवा समजत होतो, त्याखालचा ताण या वेळी मला जाणवला. संपूर्ण अल्बमविषयीचे माझे मत मात्र बदललेले नाही. इतर गाण्यांत तेच थर सवयीने आल्यासारखे वाटतात. गोदाकाठ, तसे नसेल तर आपण दुसरे एखादे गाणे घेऊन दाखवून द्यावे.