आपल्या इंदूरच्या आजवरच्या सगळ्यात भारी टीम कोणत्या? गणपतीत फलक लावायचेत

रामबागकर
नमस्कार मंडळी, आमच्या कॉलनीच्या गणपतीत दर वर्षी एक विषय घेऊन प्रदर्शन लावतो, मागच्या वर्षी इंदूरच्या जुन्या वाड्यांचं होतं. यंदा माझ्या आग्रहावरून "आपल्या भागाच्या मोठ्या टीम" असा विषय ठरलाय. मोठे फलक चारच बसतात मंडपात. एक तर होळकर संस्थानाच्या जुन्या क्रिकेट टीमचा, त्यावर वाद नाही. दुसरा एमपीनं, म्हणजे मध्य प्रदेशनं, २०२२ ला जिंकलेल्या रणजी ट्रॉफीचा. बाकी दोन काय लावू ते सांगा, आणि होळकरांच्या फलकावर नेमकं काय लिहू तेही सांगा, कारण तिथे माझी सगळ्यात जास्त पंचाईत झालीये. पोरं म्हणतात चार वेळा रणजी जिंकली एवढं लिही नि सोड, मुंबईनं तर चाळीसच्या वर जिंकल्यात मग चारचं काय कौतुक. मला हे पटत नाही पण त्यांना समजेल असं सांगताही येत नाहीये.

हा विषय डोक्यात येण्याचं कारण म्हणजे आजोबांची वही. त्यांचं किराण्याचं दुकान होतं, रोजमेळाची लांब लाल वही असते ना, तसल्याच एका वहीत ते मॅचचे आकडे लिहायचे. १९४५-४६ च्या सेमीफायनलचं पान आहे त्यात, होळकर विरुद्ध म्हैसूर, इथेच इंदूरला झालेली. होळकरांचे ८ बाद ९१२! आजोबांनी पेन्सिलीनं रकाने आखले होते ते पुरलेच नाहीत, म्हणून दुसऱ्या वहीचं अर्धं पान फाडून खळीनं खाली चिकटवलंय, खळ आता पिवळी पडलीये आणि पान उलगडताना करकर वाजतं. सहा ठिकाणी शंभर किंवा त्यावरचा आकडा आणि प्रत्येकाखाली दुहेरी रेघ. ते पान बघितलं आणि ठरवलं की हे लोकांपर्यंत गेलंच पाहिजे.

तिसरी_स्लिप
रामबागकर दादा ते पान फोटो काढून मोठं करून लावा, बाकी काही नाही लावलं तरी चालेल. एका डावात सहा सेंच्युऱ्या, फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये त्याआधी कोणी केलं नव्हतं. वहीशी ताडून बघा, कमल भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, सी. के. नायडू १०१, भाऊसाहेब निंबाळकर १७२ आणि प्रताप सिंह १००. म्हैसूरचे पहिल्या डावात १९० झाले होते, पण दुसऱ्या डावात त्यांनीही ५०९ केल्या, म्हणजे पडून मार खाल्ला असं अजिबात नाही, तरी हरले बिचारे.

आता तुमच्या पोरांचा प्रश्न. त्यांना जिंकलेल्या ट्रॉफ्या मोजायला सांगू नका, फायनल मोजायला सांगा. १९४४-४५ पासून १९५४-५५ पर्यंत अकरा सीझन झाले. त्यातल्या दहा फायनलमध्ये होळकर होते. अकरात दहा! फक्त १९४८-४९ ची हुकली. आणि त्या काळी रणजी नॉकआउट होती, एक मॅच हरली की सामान बांधा नि घरी या, लीग नाही, दुसरा चान्स नाही. दोन महिने पाऊस, मग प्रॅक्टिस, मग एक वाईट दिवस आला की वर्ष गेलं, आणि तरी हे लोक दर वर्षी शेवटपर्यंत जायचे. मुंबईच्या ट्रॉफ्यांना माझा मानाचा मुजरा आहे, पण मुंबईकडे मैदानं किती, क्लब किती, खेळाडू किती. इथे एक संस्थान, एक शहर. जिंकल्या त्या चार अशा, १९४५-४६ ला बडोद्याला हरवून, १९४७-४८ ला खुद्द मुंबईला नऊ विकेटनी, १९५०-५१ ला गुजरातला, आणि १९५२-५३ ला बंगालला त्यांच्याच कलकत्त्यात जाऊन. चारही वेळा कॅप्टन सी. के. नायडू. शेवटच्या वेळी त्यांचं वय सत्तावन्न होतं, हे फलकावर मोठ्या अक्षरात लिहा.

विश्वामित्रीकाठचा
मी मूळ इंदूरचा नाही, बडोद्याचा, पण सासुरवाडी तुमच्या सुदामानगरची म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजतो. तिसरा फलक बडोद्याचा लावा अशी विनंती. इंदूरच्या गणपतीत बडोदा कशाला म्हणाल तर होळकर टीम किती मोठी हे कळायला तिला टक्कर कोणी दिली हे दाखवावंच लागतं. होळकर आणि बडोदा फायनलमध्ये तीनदा समोरासमोर आले. १९४५-४६ ला इंदूरला तुम्ही ५६ रन्सनी जिंकलात, त्यात सी. के. नी द्विशतक ठोकलं, पन्नाशी उलटलेली असताना. पुढच्याच वर्षी बडोद्यात आम्ही उट्टं काढलं. होळकर २०२ मध्ये आउट, आमचे ९१ वर ३ गेलेले, आणि तिथून विजय हजारे आणि गुल महंमद उभे राहिले ते ५७७ ची भागीदारी करूनच. गुल महंमद ३१९, हजारे २८८, टोटल ७८४. कुठल्याही विकेटसाठीची जगातली सगळ्यात मोठी भागीदारी होती ती, २००६ मध्ये श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धनेनी ६२४ केल्या तोपर्यंत, म्हणजे जवळपास साठ वर्षं. १९४९-५० ला परत आम्हीच.

गायकवाड आणि होळकर ही दोन मराठी संस्थानं, एक गुजरातेत एक माळव्यात, आणि त्या सात-आठ वर्षांत हिंदुस्थानचं क्रिकेट बऱ्याच अंशी या दोघांत आणि मुंबईत फिरत होतं, हे आपल्या पोरांना कोणी सांगतच नाही. बडोद्याच्या रणजी एकूण पाच आहेत, १९४२-४३, १९४६-४७, १९४९-५०, १९५७-५८ आणि मग थेट २०००-०१, तेव्हा रेल्वेला फक्त २१ रन्सनी हरवलं. ती शेवटची मी स्वतः स्टँडमध्ये बसून बघितलीये, शेजारी अनोळखी माणूस होता आणि शेवटची विकेट पडल्यावर आम्ही दोघं एकमेकांच्या गळ्यात पडलो.

खेड्याची_सून
सगळं वाचून छान वाटलं पण एक शंका आहे, राग मानू नका. होळकर टीम "आपली" कशी म्हणायची? नायडू नागपूरचे, सरवटे सागरचे, निंबाळकर कोल्हापूरचे, डेनिस कॉम्प्टन तर चक्क इंग्रज. महाराजांनी पैसे देऊन बाहेरचे खेळाडू आणले असं माझे सासरे म्हणतात.

तिसरी_स्लिप
ताई शंका रास्त आहे, पण पूर्ण चित्र वेगळं आहे. सी. के. १९२३ मध्ये होळकर दरबारच्या बोलावण्यावरून इंदूरला आले आणि मग इथलेच झाले, होळकरांच्या फौजेत हुद्दा मिळाला म्हणून तर कर्नल म्हणायचे, आणि १९६७ मध्ये गेले तेही इंदूरलाच. चव्वेचाळीस वर्षं ज्या गावात काढली ते गाव आपलं नाही तर कोणाचं. मुश्ताक अली तर जन्मानंच इंदूरचे, १९१४ चा जन्म. ते शाळकरी असतानाच सी. के. नी त्यांच्यातला खेळाडू हेरला. त्याच मुश्ताकनी १९३६ मध्ये मँचेस्टरला ११२ केल्या, परदेशात टेस्ट सेंच्युरी मारणारा पहिला भारतीय आपल्या इंदूरचा आहे. सरवटेही शेवटपर्यंत इथेच राहिले. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात सरवटे आणि शुटे बॅनर्जी दहाव्या आणि अकराव्या नंबरावर येऊन सरे काउंटीविरुद्ध दोघांनीही सेंच्युऱ्या मारल्या, शेवटच्या विकेटसाठी २४९.

यशवंतराव होळकर महाराजांनी नोकरी दिली, पगार दिला, यशवंत क्लबचं मैदान दिलं, म्हणजे आज आपण ज्याला सिस्टम म्हणतो ती त्यांनी उभी केली. खेळाडूंना पोटापाण्याची चिंता राहिली नाही आणि सी. के. नी त्यांच्याकडून घाम काढून घेतला. नुसते बाहेरून स्टार आणले असते तर एक-दोन वर्षं चमकले असते, अकरा वर्षं टिकले नसते.

कॉम्प्टनचं म्हणाल तर युद्धाच्या काळात ते महूला लष्करात होते, इथून तेवीस-चोवीस किलोमीटर, म्हणून होळकरांकडून खेळले. १९४४-४५ ची मुंबईविरुद्धची फायनल घ्या. मुंबई ४६२ आणि ७६४, होळकर ३६० आणि ४९२, एका मॅचमध्ये २०७८ रन्स. मुंबईच्या विजय मर्चंटचे २७८, आपल्याकडून मुश्ताकची दोन्ही डावांत सेंच्युरी आणि कॉम्प्टन नाबाद २४९. हरलो ३७४ नी, पण चौथ्या डावात समोर डोंगर दिसत असताना ४९२ करणं, ही टीम काय मातीची होती ते त्यात दिसतं. माझ्या मते होळकरांच्या फलकावर हरलेली ही फायनलही पाहिजेच.

पोहे_आणि_पिच
२०२२ वर मी लिहितो, डोळ्यांदेखत घडलेलं आहे. फलकावर स्कोअर सगळेच लिहितील, तुम्ही चंदू पंडितांची गोष्ट लिहा. १९९८-९९ मध्ये पंडित एमपीचे कॅप्टन होते, बंगळूरला चिन्नास्वामीवर कर्नाटकविरुद्ध फायनल, पहिल्या डावात आपली आघाडी, म्हणजे नुसती मॅच ड्रॉ केली असती तरी ट्रॉफी आपली, आणि शेवटच्या दिवशी सगळं कोसळलं. तेवीस वर्षांनी तेच मैदान, तेच पंडित, पण आता कोच. समोर मुंबई, म्हणजे ज्या गावात ते वाढले तीच टीम. मुंबई ३७४, आपण ५३६, यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६, रजत पाटीदार १२२. मग मुंबई २६९ आणि आपण १०८ करून सहा विकेटनी जिंकलो. कॅप्टन आदित्य श्रीवास्तव. आणि लक्षात घ्या, वेंकटेश अय्यर आणि आवेश खान, दोघंही आपल्या इंदूरचे, त्या वेळी भारताच्या टीमबरोबर होते, त्यांच्याशिवाय जिंकलो.

जिंकल्यावर पंडित मैदानात रडले आणि पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं. मी ऑफिसात मोबाइलवर बघत होतो, दाराला आतून कडी घातली होती. वडिलांना फोन लावला तर ते काही बोललेच नाहीत, नुसता श्वास ऐकू येत होता, १९९९ ची फायनल त्यांनी रेडिओवर ऐकली होती. एमपी म्हणून ही पहिली रणजी, आणि होळकर धरले तर १९५२-५३ नंतरची पहिली. मध्ये एकोणसत्तर वर्षं गेली.

उषानगरची_ताई
तीस कमेंट वाचल्या तरी बायकांच्या टीमचं नाव नाही आलं म्हणून लिहिते. चौथा फलक आमचा. संध्या अगरवाल इंदूरच्या, १९८६ मध्ये इंग्लंडविरुद्ध वूस्टरला १९० केल्या. बायकांच्या टेस्टमधला तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड होता तो, त्याआधीचा इंग्लंडच्या बेटी स्नोबॉलचा १८९, १९३५ सालचा. एकावन्न वर्षांचा रेकॉर्ड एका रननी मोडला! तेरा टेस्टमध्ये चार सेंच्युऱ्या. आणि टीम म्हणूनच पाहिजे असेल तर २०२४-२५ घ्या, एमपीच्या मुलींनी फायनलमध्ये बंगालला हरवून सीनियर वनडे ट्रॉफी आणली, त्यातच होती छतरपूर जिल्ह्याची क्रांती गौड, जी २०२५ मध्ये वर्ल्ड कप जिंकणाऱ्या भारताच्या टीममध्ये गेली.

मी स्वतः नव्वदच्या दशकात इथे खेळले. नेट मुलांचे संपल्यावर, म्हणजे उजेड जायच्या आधी वीस मिनिटं मिळायची. ज्या संस्थेत खेळायचो तिथे आमच्या टीमचा एक फोटो भिंतीवर होता, रंगकाम निघालं तेव्हा उतरवला तो परत लागलाच नाही, विचारलं तर कुठे गेला कोणालाच माहीत नाही. म्हणून म्हणते, फलक लावा, आमच्या पोरी बघतील.

रामबागकर
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, चौथा फलक तुमचा, आजच रात्री मंडळाच्या ग्रुपवर टाकतो. तुमच्याकडे त्या फोटोची घरची कॉपी किंवा त्या काळचा कुठलाही फोटो असेल तर पाठवा, मी स्कॅन करून मूळ त्याच दिवशी परत आणून देईन.

तिसरा बडोद्याचा, "टक्कर" या मथळ्याखाली, ५७७ मोठ्या अक्षरात. दादा, वहीशी ताडून बघितलं, सहाही आकडे तंतोतंत जुळले, फक्त आजोबांनी प्रताप सिंहांचं नाव लिहायचं सोडून नुसतं "१००" लिहिलंय, घाईत असावेत. आणि हो, तुमचं वाचल्यावर वही पुढे चाळली. १९४६-४७ च्या बडोद्याच्या फायनलचंही पान आहे. होळकर २०२, खाली बडोद्याचे ९१ वर ३ पर्यंत व्यवस्थित लिहिलंय, आणि त्यानंतर पान कोरं आहे. पुढचं त्यांनी लिहिलंच नाही. ते कोरं पान बडोद्याच्या फलकावर तसंच लावणार आहे.