पोरांना एडिटरातच कोड चालवू द्यायचा का?

लातूरचा मास्तर
संध्याकाळी पायथॉनची (प्रोग्रॅमिंगची भाषा) शिकवणी घेतो. यंदा पहिल्याच दिवशी पोरांनी व्हीएस कोडमध्ये (कोड लिहायचा एडिटर) कोड रनर हे प्लगइन (एडिटरला जोडायचं जास्तीचं साधन) टाकून घेतलं. कंट्रोल+ऑल्ट+एन दाबलं की खाली उत्तर, पोरं खूश. तिसऱ्या दिवशी इनपुट (चालू प्रोग्रामला कीबोर्डवरून उत्तर देणं) शिकवायला घेतलं आन् अख्खा वर्ग अडकला. टाईप करावं तर कीबोर्ड मेल्यासारखा! ते आउटपुटचं पॅनल नुसतं दाखवायचं असतं, त्यात लिहिता येत नाही. माझं मत: पहिले दोन महिने टर्मिनलच, म्हणजे काळ्या पडद्यावर हातानं कमांड लिहून कोड चालवायचा.

परभणीकर
सर, सेटिंगमध्ये कोड रनर शोधा, 'रन इन टर्मिनल'वर टिक करा. एवढ्यासाठी दोन महिने?

लातूरचा मास्तर
टर्मिनलच माहीत नाही त्याला त्या टिक-मार्कचा अर्थ काय लागणार? दोघांच्या उबंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) 'पायथॉन सापडत नाही' आलं. तिथं कमांड पायथॉन३ होती. प्लगइन आतून कुणाला हाक मारतंय हेच ठाऊक नसेल तर दुरुस्त काय करणार?

नांदेडची ताई
मी उलट बाजूची. तालुकावार पावसाचे आकडे तपासते. ज्युपिटरचं एक्स्टेन्शन (कोड तुकड्या-तुकड्यानं चालवायचं प्लगइन) घेतलं, तुकड्याच्या वर # %% लिहिलं, शिफ्ट+एंटर. मोठी फाईल एकदाच वाचायची, मग पाहिजे तेवढाच तुकडा चालवायचा. आलेख शेजारच्या खिडकीत. माझी भाची कॉमर्सची. काळा पडदा दाखवला असता तर पळूनच गेली असती.

बीडवाला
ताई, त्या तुकड्यांनीच माझा घात केला. सोयाबीनचा भाव क्विंटलचा, किलोवर आणायला १०० नं भागला. तुकडा चुकून दोनदा चालला. ४२०० चे ४२ रुपये व्हायचे ते ४२ पैसे झाले. एरर नाही, काही नाही, आलेख झकास. बाप शेजारी बसला होता म्हणून कळलं: "बेचाळीस पैशे किलो? मग फुकटच वाट की लेका!"

नांदेडची ताई
😄 म्हणून तर भागलेला भाव वेगळ्या रकान्यात ठेवायचा, मूळ रकान्याला हात लावायचा नाही. आन् कुणाला दाखवायच्या आधी कर्नल (मागं कोड चालवणारा, आधीची उत्तरं धरून ठेवणारा भाग) रिस्टार्ट करून वरून खालपर्यंत सगळं चालवायचं. चूक तुमच्या ओळीची.

बीडवाला
ओळ माझीच. पण सरळ स्क्रिप्ट (वरून खालपर्यंत एकदम चालणारी फाईल) असती तर दरवेळी फाईल नव्यानं वाचली गेली असती.

परभणीकर
माझ्याच विरुद्ध एक मुद्दा: ॲटम नावाच्या एडिटरमध्ये हायड्रोजन हे प्लगइन होतं, उत्तर ओळीशेजारीच उमटायचं. लई हात बसला होता. १५ डिसेंबर २०२२ ला ॲटमच बंद झालं. एडिटरच गेला तर त्या सवयीचं काय?

लातूरचा मास्तर
सोयाबीन उद्या वर्गात सांगतो, बापाच्या वाक्यासकट. दोन महिन्यांचे दोन आठवडे करतो. त्याखाली येणार नाही.