ओव्हरबूस्टला ‘अतिदाब’ म्हणावे काय?

शाईदौत: आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या एका पुस्तिकेचा मी सध्या अनुवाद करीत आहे. टर्बोचार्जर (आत जाणारी हवा दाबून भरणारे यंत्र) बसवलेल्या इंजिनात हवेचा दाब प्रमाणाबाहेर गेल्यास दोष कसा हुडकावा, यावर तिच्यात एक प्रकरण आहे. गाडीचा संगणक नोंदवतो त्या पी०२३४ या दोषसंकेतासमोर मूळ पुस्तिकेत ‘ओव्हरबूस्ट’ आहे आणि मी तेथे ‘अतिदाब’ असा शब्द योजला होता. तपासनिसांनी तो खोडून ‘उच्चदाब’ केला. माझ्या कानाला ‘उच्चदाब’ म्हटले की विजेच्या वाहिन्या आणि वीजबिलावरचा ‘उच्चदाब ग्राहक’ आठवतो. शिवाय ‘ओव्हर’मधला मर्यादा ओलांडल्याचा अर्थ त्यात उतरत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

पाना-पक्कड: ‘उच्चदाब’ तर नकोच, पण ‘अतिदाब’ही अपुरा आहे, आणि त्याचे कारण भाषेत नसून यंत्रात आहे. दाब किती आहे एवढ्यावरून ओव्हरबूस्ट ठरत नाही. इंजिनाचा संगणक प्रत्येक क्षणी भार, फेरे आणि प्रवेगकाची स्थिती पाहून ‘मला इतका दाब हवा’ असे ठरवतो, आणि मोजलेला दाब त्याहून ठरावीक फरकाने व ठरावीक वेळ वर राहिला तरच पी०२३४ नोंदवतो. पूर्ण भाराला २.३ बार हे एखाद्या डिझेल इंजिनाचे रोजचे काम असू शकते, तर अर्ध्या भाराला १.८ बारवरही तोच संगणक इंधन कमी करून गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे इंजिन वाचवण्यासाठी ताकद कमी ठेवणाऱ्या अवस्थेत, टाकील. त्यामुळे शब्दात ‘मागितल्यापेक्षा जास्त’ हा संबंध यायला हवा. गॅरेजमध्ये आम्ही ‘टर्बो जास्त प्रेशर मारतोय’ म्हणतो. त्यातला ‘जास्त’ नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतो.

व्याकरणवेडा: मग ‘दाबाधिक्य’ घ्यावे. ‘आधिक्य’ हा शब्द मुळातच सापेक्ष आहे आणि उच्चारालाही जड नाही.

पाना-पक्कड: उच्चाराला जड नाही हे आपण कोणत्या गॅरेजात उभे राहून ठरवलेत?

मूळशोधक: जरा मुळाशी जाऊ. ‘टर्बो’ हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ वावटळ आणि मुलांचा भोवरा असा दुहेरी आहे. आपल्या ‘भोवऱ्या’चेही दोन अर्थ आहेत, खेळण्याचा आणि पाण्यातला. क्लोद ब्युर्दँ याने १८२२ मध्ये जलचक्रासाठी ‘टर्बाइन’ हे नाव सुचवले, तेव्हा त्याच्यासमोर हीच फिरती प्रतिमा असावी. पुढे १९०५ मध्ये आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर आत जाणारी हवा दाबण्याच्या कल्पनेचे पेटंट मिळवले. म्हणजे ‘भोवरदाब’ हा शब्द अर्थाने आणि इतिहासाने दोन्हीकडून पक्का बसतो.

व्याकरणवेडा: ‘भोवरदाब’ वाचून विद्यार्थी पाण्यात उडी मारतील.

घाटमाथा: नावापेक्षा आकड्यांचा घोटाळा अधिक महाग पडतो, म्हणून लिहितो. मूळ पुस्तिकेत दाब कोणत्या पद्धतीने दिला आहे ते आधी पाहावे. इनटेक मॅनिफोल्डवरचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीवरचा, संवेदक बहुधा निरपेक्ष दाब सांगतो, म्हणजे वातावरणाचा दाब त्यात धरलेला असतो. काट्याचा साधा मापक मात्र वातावरणाच्या वरचा तेवढाच दाखवतो. एकाचे २.२ बार म्हणजे समुद्रसपाटीला दुसऱ्याचे सुमारे १.२ बार. अनुवादात दोन्हीकडे नुसते ‘दाब’ असे आले, तर मुलगा स्कॅनरवरचा (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणाऱ्या उपकरणावरचा) २.२ वाचून पुस्तिकेतल्या १.२ शी ताडून पाहील आणि ठणठणीत टर्बो खाली उतरवील.

याच संवेदकाची एक बिनखर्चाची परीक्षा आहे. किल्ली ‘ऑन’ करावी, इंजिन सुरू करू नये, आणि दाब वाचावा. तो त्या ठिकाणच्या वातावरणाइतका दिसला पाहिजे: मुंबईत साधारण १०० किलोपास्कल (म्हणजे १ बार), सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात ८६ च्या आसपास. मुंबईत उभ्या गाडीचा संवेदक इंजिन बंद असताना १२५ सांगत असेल, तर ओव्हरबूस्ट कागदावरचा आहे. संवेदक किंवा त्याची वायरिंग तपासावी.

शाईदौत: हे फार उपयोगाचे आहे. ‘निरपेक्ष दाब’ आणि ‘मापी दाब’ अशी जोडी मी योजीन. आता पुढची अडचण. टर्बोचा दाब आवरणाऱ्या वेस्टगेट या झडपेला मी ‘सांडवा’ म्हटले आहे. पाटबंधारे खात्यातली जुनी माणसे सांडव्याला ‘वेस्ट वेअर’च म्हणत, म्हणून तो शब्द सुचला.

व्याकरणवेडा: सुरेख! कोशात जावा असा शब्द. धरण भरले की जादा पाणी सांडव्यावरून, टर्बो भरला की जादा हवा सांडव्यातून.

पाना-पक्कड: आणि नेमका इथेच हा सुरेख शब्द मुलाला चुकीच्या बाजूला नेतो. वेस्टगेटमधून जादा हवा बाहेर जात नाही. दाबलेली हवा इंजिनाच्या आत जाणाऱ्या बाजूला असते आणि वेस्टगेट बाहेर पडणाऱ्या बाजूला. इंजिनातून निघालेला तप्त वायू टर्बाइनच्या चाकावर न जाता शेजारून सायलेन्सरकडे जावा, म्हणून ती झडप उघडते. चाक मंदावते आणि मग पलीकडचा दाब आपोआप उतरतो. ‘सांडवा’ वाचलेला मुलगा हवेच्या नळ्यांवर दाब सोडणारी झडप शोधत बसेल. पेट्रोल गाडीत त्याला एक तशी झडप सापडेलही, पण ती प्रवेगकावरून पाय काढल्यावर उघडणारी, अगदी वेगळ्या कामाची. मी ‘बाह्यवळण झडप’ म्हणेन. बाह्यवळण रस्ता म्हणजे काय ते साताऱ्याच्या मुलालाही ठाऊक असते.

घाटमाथा: ‘साताऱ्याच्या मुलालाही’ यातला ‘ही’ कशासाठी?

शाईदौत: ‘बाह्यवळण’ पटले, जरी ‘सांडवा’ सोडवत नाही. मग ती झडप हलवणाऱ्या ॲक्च्युएटरविषयीचे पुढील वाक्य असे करावे काय: ‘ॲक्च्युएटरची नळी फाटल्यास बाह्यवळण झडप उघडत नाही आणि दाब वाढतो’?

पाना-पक्कड: हे सरसकट लिहू नये. ज्या ॲक्च्युएटरला कंप्रेसरकडून (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाकडून) दाब मिळतो आणि त्या दाबाने पडदा स्प्रिंगविरुद्ध सरकून दांडी ढकलतो, त्याच्यापुरते वाक्य खरे आहे: नळी फाटली किंवा निसटली की पडद्याला दाबाची खबरच लागत नाही, झडप मिटलेली राहते आणि ओव्हरबूस्ट होतो. पण वायूची वाट कमीजास्त करणाऱ्या बदलत्या पात्यांच्या अनेक डिझेल टर्बोंत ॲक्च्युएटर निर्वातावर (हवा ओढून केलेल्या पोकळीवर) चालतो, आणि निर्वात मिळाला तरच पाती दाब वाढवण्याच्या बाजूला वळतात. तेथे नळी फाटली तर दाब उलट कमी पडतो आणि पी०२९९ येतो. दोन प्रकारांना दोन स्वतंत्र वाक्ये हवीत, आणि हातपंपाने आधी ॲक्च्युएटरला दाब वा निर्वात देऊन दांडी सरकते का हे पाहण्याची सूचना दोन्हींच्या आधी.

शाईदौत: त्याच पात्यांवर मी एक वाक्य लिहिले आहे: ‘काजळीमुळे पाती बंद पडल्यास ओव्हरबूस्ट होतो.’

घाटमाथा: ‘बंद पडल्यास’ म्हणजे मराठीत निकामी झाल्यास. मूळ वाक्यात पाती मिटलेल्या स्थितीत अडकली असा अर्थ असणार. पाती मिटली की वायूची वाट अरुंद होते, वायू वेगाने चाकावर आदळतो आणि दाब वाढतो. ‘बंद पडली’ म्हटले तर वाचणारा स्वाभाविकपणे दाब घटला असे समजेल.

व्याकरणवेडा: ‘काजळीमुळे पाती मिटलेलीच अडकून राहिल्यास.’ ‘मिटणे’ हे क्रियापद पापण्यांना, छत्रीला आणि पाकळ्यांना चालते, मग पात्यांना का नको? या धाग्यातले हे एकमेव वाक्य असे आहे, ज्याला मी हात लावणार नाही.

मूळशोधक: मूळ प्रश्न ‘अतिदाब’ या शब्दाचा होता, आणि त्यावर माझे मत अजून ‘भोवरदाब’ असेच आहे.

पाना-पक्कड: माझे मत ‘ओव्हरबूस्ट’ तसाच देवनागरीत ठेवावा असे आहे. स्कॅनरवर तो तसाच येतो, आणि मुलाला उद्या स्कॅनरच वाचायचा आहे.

व्याकरणवेडा: या न्यायाने मराठीत फक्त क्रियापदे उरतील.

घाटमाथा: एक अडचण राहिलीच. काही पेट्रोल गाड्यांत ओव्हरटेक करताना काही सेकंद नेहमीपेक्षा जास्त दाब मुद्दाम दिला जातो आणि त्या सोयीलाही कंपन्या ‘ओव्हरबूस्ट’च म्हणतात. तेथे संगणकाने तो दाब स्वतः मागितलेला असतो, त्यामुळे तो दोष नव्हे. एकच शब्द दोषाला आणि सोयीला वापरला, तर विद्यार्थ्याने कोणत्या आधारावर फरक करावा?

शाईदौत: तक्त्यात शेजारीशेजारी दोन रकाने ठेवते: ‘मागितलेला दाब’ आणि ‘मोजलेला दाब’. दोष असेल तर दोन आकड्यांत फरक दिसेल, सोय असेल तर दोन्ही बरोबर चढतील. रकान्यांवर मथळा काय द्यावा, ते मात्र अजून ठरलेले नाही.

पाना-पक्कड: रकाने उत्तम. त्यांच्याखाली एवढे जरूर लिहा की हे आकडे गाडी उभी असताना नव्हे, तर तिसऱ्या गिअरमध्ये भाराखाली, शेजारी दुसऱ्याला स्कॅनर धरायला बसवून घ्यावेत.

व्याकरणवेडा: ‘भाराखाली’ हे मराठी नव्हे. ‘इंजिनावर भार असताना’ म्हणावे.