मदत हवी आहे: १४ वर्षं जुनी गाडी, पुढून येणारी झणझण काही केल्या सापडत नाही

नमस्कार. छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. गाडी बाबांची. ते गेल्यापासून मी चालवते आणि त्यांनी ठेवली तशीच ती ठेवायची आहे, म्हणून हा आवाज मनातून जात नाही.

पत्र्याच्या डब्याचं सैल झाकण थरथरावं तसा आवाज आहे. गिअरच्या दांड्याच्या पुढून, डॅशबोर्डच्या खालून आल्यासारखा वाटतो. तिसऱ्या गिअरमध्ये ३५ ते ४० च्या वेगाला हमखास येतो, दुसऱ्यात साधारण २५ ला. वेग वाढला की थांबतो. छोट्या खड्ड्यातून गेलं तरी एकदा खण्ण होतं. सकाळी पहिल्यांदा गाडी काढते तेव्हा जास्त, अर्ध्या तासाने बराच कमी.

डिकी रिकामी करून पाहिली. जॅक, पाना, स्टेपनी सगळं घट्ट आहे. ग्लव्ह बॉक्स काढून चालवली, शेजारी बसलेल्या भावाने डॅशबोर्ड जागोजागी दाबून धरला. फरक शून्य. गॅरेजमध्ये दोनदा दाखवली. पहिल्यांदा पुढचे दोन्ही लिंक रॉड (सस्पेंशनमधले छोटे जोडदांडे) बदलले, आवाज तसाच. दुसऱ्यांदा म्हणाले, लोअर आर्म आणि शॉकअप बदलून पाहू. मी नको म्हटलं. खराब झालेला भाग बदलायला माझी ना नाही, पण तो खराब आहे हे आधी कळायला हवं ना? जाणकारांनी कृपया सांगा, शोधायची सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद:
खड्ड्यात वाजतंय म्हणजे सस्पेंशनच, चाकांचे धक्के झेलणारी यंत्रणा. एक सोपी चाचणी करा. गतिरोधकावरून सरळ, दोन्ही चाकं एकदम चढतील अशी हळू न्या. मग फक्त एका बाजूचं चाक खड्ड्यातून न्या. दोन्ही चाकं बरोबर उचलली जातात तेव्हा स्टॅबिलायझर बारला (डाव्या-उजव्या चाकांचं सस्पेंशन जोडणारी दांडी) पीळ पडत नाही, त्यामुळे एकाच बाजूला वाजलं तर बारचे बुश (ती धरणारी रबरं) पाहायला सांगा. आणि गाडी जमिनीवर उभी असताना पाहायला सांगा. लिफ्टवर चाकं लटकत असतात, भार नसतो, तेव्हा ढिलेपणा लपू शकतो.

प्रतिसाद:
वरचा मुद्दा बरोबर आहे, पण ताईंनी दिलेले आकडे पुन्हा वाचा. तिसऱ्यात ३५-४० आणि दुसऱ्यात २५. वेग वेगळे, पण इंजिनचे फेरे जवळपास तेच! सस्पेंशनला गिअर कुठला टाकलाय हे कळत नाही. हा आवाज इंजिनच्या थरथरीवर वाजतोय. ताई, मोकळ्या जागी गाडी उभी करा, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. इंजिन थंड असतानाच हळूहळू रेस वाढवत न्या. आवाज आला की इंजिनच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा कुठे आहे ते पाहा. मग तिथेच रेस धरून एसी चालू-बंद करून बघा, कॉम्प्रेसरचं असेल तर फरक पडेल.
अजून एक. आवाज सुरू होण्याआधी गाडीचं कुठलं काम झालं होतं?

धागाकर्ती:
आज सकाळीच केलं. उभ्या गाडीत आवाज आला! १५०० च्या पुढे सुरू होतो, १७०० ला सगळ्यात मोठा, २००० ला पूर्ण बंद. एसीने काही फरक नाही. इतके दिवस रस्त्यावर कान लावून बसले होते, उभ्या गाडीत तपासायचं सुचलंच नव्हतं.
कामाचं विचारलंत म्हणून बाबांची डायरी काढली. गाडीचं प्रत्येक काम ते किलोमीटरसकट लिहीत, पुढच्या नोंदी मी करते. क्लच प्लेट १,१७,२४० ला बदलली आहे. त्यानंतर दोनेक आठवड्यांतच आवाज सुरू झाला.

प्रतिसाद:
मग सायलेन्सरच्या पाइपकडे जा. बऱ्याच गाड्यांत क्लचच्या कामासाठी पुढचा पाइप सोडवावा लागतो. त्यावर पातळ पत्र्याचं हीट शील्ड असतं, जुन्या गाडीत त्याचे बोल्ट गंजलेले असतात आणि एकदा हलवले की पकड जाते. तापल्यावर पत्रा फुगून अडकतो, म्हणून अर्ध्या तासाने आवाज कमी.
गाडी पूर्ण थंड होऊ द्या, निदान दोन-तीन तास. मग बाजूने लाकडी दांडा घालून पाइपला हलके टोले द्या. पातळ झणझण आली तर शील्ड. डब्यात खडे हलवल्यासारखं वाजलं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (पाइपमधला धूर शुद्ध करणारा डबा) आतली जाळी फुटलेली असू शकते, ते काम मोठं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कृपा करून जाऊ नका.

प्रतिसाद:
शील्ड असेल तर काढून टाका, माझ्या गाडीचं काढलंय, काही झालं नाही.

प्रतिसाद:
असं करू नका. कन्व्हर्टर काही शे अंशांपर्यंत तापतो. शील्ड वरचा फ्लोअर, वायरी आणि रबराचे भाग वाचवतं. खालचं शील्ड काढलं आणि गाडी वाळक्या गवतावर उभी राहिली तर गवत पेटू शकतं.

धागाकर्ती:
सापडलं!! दांड्याच्या दुसऱ्याच टोल्याला नेमका तोच आवाज. इतकं बरं वाटलं की तिथेच जमिनीवर बसून भावाला हाक मारली. नंतर दुसऱ्या गॅरेजमध्ये रॅम्पवर घेतली आणि मीही खाली उभी राहून पाहिलं. शील्डला चार बोल्ट आहेत. मागचे दोन घट्ट. पुढच्या दोघांपैकी एक नाहीच, आणि दुसरा जागेवर असला तरी त्याच्याभोवतीचा पत्रा गंजून भोक बोटभर मोठं झालंय, त्यामुळे बोल्ट आवळूनही उपयोग नाही. पत्रा पाइपला जिथे घासत होता तिथे नखाएवढी चकचकीत रेघ पडली आहे. मेकॅनिकने बोटाने शील्ड दाबून धरलं, भावाने १७०० ला रेस दिली, आवाज बंद. बोट काढलं, सुरू. एवढी खात्री आधी कुणी करून दाखवली असती तर लिंक रॉड बदलावे लागले नसते.
सध्या पाइप आणि शील्ड मिळून स्टेनलेस स्टीलचा मोठा होज क्लॅम्प (स्क्रूने आवळायची गोल पट्टी) आवळला आहे. गाडी शांत आहे. आता प्रश्न एवढाच, हे असंच ठेवू की नवीन शील्ड शोधू?

प्रतिसाद:
क्लॅम्प चालेल, खूप जण हेच करतात. चार-पाच वेळा तापून थंड झाला की एकदा परत आवळून घ्या, थोडा सैल होतो. पत्र्याचं बाकीचं अंग मजबूत असेल तर नवीन शील्डची घाई नाही. पुढे सायलेन्सरचं काम निघालं तर तेव्हाच बदला. पाइपचे रबरी हँगरही एकदा पाहून घ्या, ते चिरले की पाइप हलतो आणि क्लॅम्पवर ताण येतो.

धागाकर्ती:
हँगर उद्या पाहते. डायरीत नोंद केली: १,१८,३१०, हीट शील्ड क्लॅम्प. सर्वांचे मनापासून आभार.