कार्बन पात्याचा घडीचा चाकू आपल्या पावसात टिकतो की नाही?

मलप्रभाकाठ (कणकुंबी)
परवा एकानं लिहिलं, "घडीचे चाकू जमवणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग. कार्बन पोलाद आपल्या पावसात आठवड्यात गंजतं. बाजारातला स्वस्त स्टेनलेस घ्या, कापेनासा झाला की फेका आणि दुसरा घ्या." दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडं जून लागला की सप्टेंबरपर्यंत अंथरूण ओलसर, भिंतीला बुरशी. त्याच घरात माझे तीन चाकू आहेत: फ्रान्सचा ओपिनेल आठ नंबर, एक जपानी हिगोनोकामी आणि गावच्या लोहारानं गाडीच्या कमानपाट्याच्या (स्प्रिंगच्या पट्टीच्या) तुकड्यातून घडवून दिलेला. तिन्ही कार्बनचे, म्हणजे स्टेनलेस नसलेल्या साध्या पोलादाचे, तिन्ही रोज वापरातले. कपाटात मांडून ठेवायला घेतलेले नाहीत.

करायचं काय असतं? काम झालं की पातं धुवायचं, लगेच कोरडं पुसायचं आणि मिटायच्या आधी थोडा वेळ उघडं ठेवायचं. पाणी राहतं ते मुठीच्या खाचेत. तिथं काडीला चिंधी गुंडाळून फिरवायची आणि बिजागरीच्या खिळीवर दोन थेंब खोबरेल सोडायचं. झालं.

कांदा, कैरी, लिंबू कापून पात्यावर निळसर करडा रंग चढतो, तो गंज नव्हे. तो थर बसला की उलट तांबड्या गंजाला आळा बसतो. लोक काय करतात, तो रंग तारेच्या घासणीनं खरवडून काढतात, पातं चकचकीत करतात, आणि मग गंजला म्हणून बोंब मारतात.

ओपिनेलची मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची, ती पावसात फुगते आणि पातं आत आवळलं जातं, हे खरं आहे. तिकडं फ्रान्समधले साव्वा भागातले लोक मुठीचं बूड टेबलावर आपटतात, पातं नखाला लागेल एवढं वर येतं. 1890 पासून ही वस्तू तिथल्या शेतकऱ्याच्या खिशात आहे. पात्याला अडवणारी लोखंडी कडी 1955 साली आली, तोवर ते नुसतेच मिटायचे. पैसेवाल्यांचा चोचला म्हणणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

उद्यमबागफिटर
तुमच्या हौसेला नाव ठेवत नाही, पण पोलादाबद्दल अर्धंच सांगताय. स्टेनलेस म्हणजे पत्रा नव्हे. तुमची ओपिनेल कंपनीच तोच आठ नंबर 12सी27 या स्टेनलेस पोलादातही विकते, त्यात क्रोमियम साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. तोही चांगली धार धरतो आणि कैरी काळी पडत नाही. कमानपाट्यात कार्बन जेमतेम अर्धा-पाऊण टक्का. ते पोलाद धक्का सोसायला बनवलेलं असतं, म्हणून कोयत्याला उत्तम, बारीक पात्याला मध्यम. लोहाराची माया वेगळी आणि पोलाद वेगळं.

काजूकलम (खानापूर)
मी कलमं बांधते, चाकू दिवसभर हातात असतो. माझं मत फिटरदादांना. दर झाडागणिक पातं स्पिरिटनं पुसावं लागतं, नाहीतर एका झाडाचा रोग दुसऱ्याला. वर चीक, वर पाऊस. पुसून उघडं ठेवायला वेळ कुणाला आहे वो? कार्बनचा घेतला होता, जेवायला बसले तेवढ्यात धारेवर तांबडे ठिपके. घरी सफरचंद कापणाऱ्याचं आणि रानात काम करणाऱ्याचं गणित एक नसतं.

आणि कृपा करून कलमाच्या चाकूला दोन्हीकडनं धार लावायला कुणी सांगू नका. त्याची एक बाजू सपाटच ठेवायची, तरच काप सरळ बसतो आणि कलम धरतं. आमच्या नर्सरीत नवीन पोरानं चाकू धार लावणाऱ्या चाकवाल्याकडं दिला, त्यानं दोन्ही बाजूंनी घासून दिला. फुकट गेला.

शहापूरकर
चाकवाल्याचा विषय निघालाच आहे तर बोलतोच. वडिलांचा पितळी मुठीचा चाकू होता. दारावर आलेल्या माणसाकडं दिला, कोरड्या चाकावर ठिणग्या उडवत घासला, टोक निळं पडलं. त्यानंतर टोकाकडं धार कधी थांबलीच नाही. पाणी उतरलं. हे लोक पैसे घेऊन वस्तू बिघडवतात.

मारुतीगल्ली
सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका की वो! आमच्या गल्लीत येणारे चाचा पातं घटकाघटकाला पाण्यात बुडवतात, बोटानं ऊन लागतंय का बघतात. त्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या शिकलगारी आहे. तुम्ही दहा रुपये घासाघीस करणार, तो भरभर उरकणार, मग दोष त्याचा?

शहापूरकर
मी घासाघीस केली हे तुम्हाला कुणी सांगितलं? माहीत नसताना आरोप करायची सवय वाईट.

उद्यमबागफिटर
भांडू नका. पातं पाणी दिल्यावर साधारण 200 अंशांच्या आसपास पुन्हा तापवून उतरवलेलं असतं, म्हणजे ठिसूळपणा कमी केलेला असतो. निळं पडलं म्हणजे तापमान 300 च्या घरात गेलं, तेवढा भाग मऊ झाला. चाचा बुडवतात ते बरोबर आणि यांचं टोक गेलं तेही बरोबर. निळा भाग घासून काढून नवीन टोक करा, चाकू वाचेल.

पण खोबरेल कुणी सांगितलं? ते मला पटलेलं नाही.

मलप्रभाकाठ (कणकुंबी)
मी सांगितलं. पोटात गेलं तरी चालतं, घरात असतं. काय वाईट?

उद्यमबागफिटर
खोबरेल 24 अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची रात्र 15 पर्यंत उतरते. सकाळी चाकू उघडून बघा, बिजागरी जड. शिलाई मशीनचं तेल घाला.

शहापूरकर
मशीनचं तेल असलेल्या चाकूनं पोरांना पेरू कापून देणार? मी एरंडेल घालतो. वाळत नाही, कुबट होत नाही. पूर्वी बैलगाडीच्या आखाला एरंडेलच घालत.

काजूकलम (खानापूर)
एरंडेल घट्ट, त्यात धूळ बसते. रानात घेऊन फिरा मग कळेल.

निपाणीचा_तंबाखूवाला
आमच्या आजोबांनी आयुष्यभर शेंगदाण्याचं तेल वापरलं, त्यांचा चाकू अजून चालतो.

काजूकलम (खानापूर)
चालतो, पण बिजागरीवर चिकट पिवळा थर असणार. काढून बघा. शेंगदाणा, करडई, जवस ही सगळी तेलं हवेत कमीजास्त घट्ट होतात. जवस तर पुरतं वाळतं. म्हणून ते मुठीच्या लाकडाला लावायचं, बिजागरीत कधीच नाही. मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं. खायला चालतं, गोठत नाही, वाळत नाही. एवढ्यावर विषय संपायला हवा.

शहापूरकर
औषधाच्या दुकानातून चाकूसाठी तेल आणायचं? आपल्याकडं घाण्याची तेलं असताना?

मारुतीगल्ली
घाणा कुठं राहिलाय आता. डब्यावरचं नाव वाचून विश्वास ठेवायचा. जिभेला लागतो तेवढा फरक चाकूला लागत नाही, कुठलंही घाला पण पुसून घाला.

निपाणीचा_तंबाखूवाला
तेलाचं राहू द्या, खरी अडचण वेगळी. मी शेताकडून येताना बसस्टँडवर पिशवी तपासली, मिटलेला चाकू निघाला, तासभर बसवून ठेवलं. तंबाखूची पानं बांधायच्या सुतळीला चाकू लागतो हे सांगून पटेना. चाकू म्हटलं की लोकांना रामपुरी खटका आठवतो. असला छंद जोपासायला सांगणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

मलप्रभाकाठ (कणकुंबी)
शस्त्र कायदा 1959 चा, त्याखालच्या नियमांत पातं 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद असेल तर ते शस्त्रांत मोडतं, आणि घरकामाच्या, शेतीच्या अवजारांना त्यातून सूट आहे. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर. पण जमावबंदीचा आदेश असेल तर वेगळं. 1 नोव्हेंबरला बेळगाव भागातले मराठी लोक पाळतात त्या काळ्या दिनाच्या बंदोबस्तात किंवा निवडणुकीच्या दिवसांत चाकू घरी ठेवणंच शहाणपणाचं. बसवून ठेवलं ते चुकीचंच झालं, पण कायदा शेतकऱ्याच्या बाजूनं आहे हे माहीत असावं.

निपाणीचा_तंबाखूवाला
कायदा बाजूनं असून तास गेलाच ना.

उद्यमबागफिटर
मूळ मुद्द्यावर या. "फेकून द्या" म्हणणाऱ्याला उत्तर एवढंच होतं की धार लावायला शिका. त्यासाठी कार्बनची आरती कशाला?

मलप्रभाकाठ (कणकुंबी)
कारण शिकायला कार्बनच बरा. साधं कार्बन पोलाद दगडावर लवकर झिजतं, लव, म्हणजे घासताना धारेच्या पलीकडं वळणारी बारीक कड, लवकर उठते, नवख्याच्या बोटाला ती लागते. बाजारू स्टेनलेसवर नवखा तासभर घासतो, काही कळत नाही, आणि मग फेकतो. धार लावता आली की त्याला जो हवा तो घेऊ दे. पण फेकायची सवय लागली की ना चाचा राहणार ना लोहार, आणि घरात बोथट सुऱ्यांचा ढीग.

उद्यमबागफिटर
लव उठायचं मान्य. शिकायपुरतं मान्य. रानातल्या माणसाला मी स्टेनलेसच देणार.

काजूकलम (खानापूर)
मीही. पण घरी कैऱ्यांना तुमचा तो लोहाराचा घेऊन बघेन, लोणच्याला फोडी काळ्या पडल्या तर इथं येऊन सांगेन.

मलप्रभाकाठ (कणकुंबी)
पडतील थोड्या, आधीच सांगतो. लोणच्याला नकोच. फणसाला वापरा, पात्याला आधी तेल लावून, मग चीक धरत नाही.

निपाणीचा_तंबाखूवाला
आजोबांच्या चाकूची बिजागरी उघडली. पिवळा थर आहे. रॉकेलनं काढू का? आणि दगड कुठला घेऊ?

मलप्रभाकाठ (कणकुंबी)
रॉकेलनं निघेल, नंतर साबणानं धुवा आणि पूर्ण वाळवा. दगड दोन बाजूंचा घ्या, 400 नंबरची जाड बाजू आणि 1000 ची बारीक. 1000 नसेल तर चिनी मातीच्या बरणीच्या बुडाची खरबरीत कडही चालते. पातं दगडाशी 15 ते 20 अंशांत धरा, आणि बरणी रिकामी करून घ्या.